मॅगझिन बदललं की पहिलाच राउंड अडकतो: .२२ स्पोर्ट पिस्तूलमध्ये काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

इंदूरच्या आमच्या रेंजवर २५ मीटरला नवीन आलेल्या मुलामुलींची ही एकच तक्रार मी इतक्या वेळा ऐकलीय आणि इतक्या वेळा सोडवलीय की आता एकदा सगळं नीट लिहूनच टाकते. तक्रार अशी असते, पहिली सिरीज मस्त गेली, पाच राउंड म्हणजे काडतुसं संपली, दुसरं मॅगझिन (राउंड भरायची डबी) लावलं, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) ओढला आणि पहिलाच राउंड अडकला. दोन-तीनदा असं झालं की घरचे ठरवून मोकळे होतात की पिस्तूल खराब आहे, आर्मररकडे म्हणजे हत्यार दुरुस्त करणाऱ्याकडे पाठवा. बहुतेक वेळा पिस्तूल ठणठणीत असतं. गडबड असते मॅगझिन भरण्यात, लावण्यात किंवा बोल्ट सोडण्यात. नेम, श्वास, ट्रिगर यावर आपण महिनोन्‌महिने मेहनत घेतो आणि मॅगझिन कसं भरायचं हे मात्र कुणी बसवून दाखवत नाही, पोरं शेजारच्या लेनमधल्याचं बघून शिकतात आणि त्याचीच खोड उचलतात.

हे सगळं .२२ एलआर (लाँग रायफल) काडतुसाच्या, पाच राउंडच्या मॅगझिनच्या टार्गेट पिस्तूलबद्दल आहे, आणि हे करायचं ते रेंजवर, कोच किंवा रेंज ऑफिसर समोर असताना. घरी जिवंत काडतुसं घेऊन यातलं काहीही करायचं नाही.

आधी अडकल्या क्षणी काय करायचं ते. नळी टार्गेटकडेच, बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, रिकामा हात वर, आणि ऑफिसरला हाक. मागे उभ्या असलेल्या पप्पांना दाखवायला वळायचं नाही, हे मुद्दाम लिहितेय कारण पोरं नेमकं हेच करतात, मान वळते, मानेसोबत खांदा वळतो आणि नळी शेजारच्या लेनवर जाते. ऑफिसर हो म्हणाले की आधी मॅगझिन काढायचं, मगच बोल्ट मागे. उलटं केलंत तर बोल्ट मॅगझिनमधला अजून एक राउंड पुढे ढकलतो आणि आता दोन अडकतात. नुसतं क्लिक होऊन गोळी सुटली नसेल तर नळी तशीच टार्गेटकडे धरून ३० सेकंद थांबा, कधीकधी बार उशिरा पेटतो. अडकलेला राउंड स्क्रू ड्रायव्हरने किंवा चाकूच्या टोकाने उकरायचा नाही, म्हणजे नाहीच. .२२ मध्ये पेट घेणारा मसाला तळाच्या रिममध्येच, म्हणजे बाहेर आलेल्या कडेतच भरलेला असतो, तुम्ही जिथे लोखंड टेकवता नेमकं तिथेच. मॅगझिन काढून बोल्ट मागे घेतला की राउंड बहुतेकदा आपोआप पडतो, नाही पडला तर लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने हलकेच, आणि तेवढ्यानेही नाही निघाला तर हात काढून घ्यायचा.

आता लक्षणं. नुसतं "ताई अडकतंय" म्हटलं की काही कळत नाही, काढायच्या आधी दोन सेकंद बघा नक्की काय दिसतंय.

- बोल्ट अर्धवट पुढे, राउंडचं टोक वर जाऊन चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाची राउंड बसायची जागा) वरच्या कडेला टेकलंय.
- टोक खाली, मॅगझिनच्या पुढच्या भिंतीत रुतलंय, शिशावर ताजी चकचकीत रेघ.
- बोल्ट पूर्ण बंद, ट्रिगर दाबला, क्लिक, उघडलं तर चेंबर रिकामं.
- क्लिक झालं, राउंड आत आहे, रिमवर पिनची खूण आहे पण उडाला नाही.
- मॅगझिन शेवटपर्यंत बसत नाही, किंवा एक-दोन शॉटनंतर खाली सरकतं.
- रिकामी पुंगळी (उडालेल्या काडतुसाचं कवच) बाहेर न पडता दारातच उभी अडकते.
- आवाज नेहमीपेक्षा बारीक, नुसतं फुस्स, आणि टार्गेटवर भोकच नाही.

हे शेवटचं लक्षण असेल तर खालचं काही तपासू नका. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि त्यावर दुसरी मारली तर नळी फुगते किंवा फुटते, हाताला चेहऱ्याला इजा होते. मॅगझिन बाहेर, बोल्ट मागे, सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं आहे हे दाखवणारी रंगीत काडी) लावा, आजचं शूटिंग संपलं, पिस्तूल आर्मररकडे. सळई घालून स्वतः ठोकून काढायचा प्रयत्न पण नको.

बाकी सगळ्यांसाठी पहिली तपासणी फुकटची आहे, कागद आणि पेन. प्रत्येक मॅगझिनच्या बुडाला नेलपॉलिशने नंबर टाका, १, २, ३. मग अडकलं की लिहायचं: मॅगझिन कोणतं, पाचातला कितवा राउंड, काडतुसांचा डबा कोणता. दोन-तीन सेशनचं एवढं लिहिलंत तर अर्धं उत्तर वहीतच दिसतं. एकाच मॅगझिनमध्ये होतंय तर पिस्तूल निर्दोष, ते मॅगझिन बाजूला ठेवा. सगळ्या मॅगझिनमध्ये होतंय पण फक्त पहिल्या राउंडला, तर लावण्यात किंवा बोल्ट सोडण्यात खोट आहे, म्हणजे हाताची सवय. चौथ्या-पाचव्यालाच अडकतंय तर मॅगझिनची स्प्रिंग किंवा आतली घाण. कधी पहिला, कधी तिसरा, काही ताळमेळच नाही, तर आधी काडतुसांकडे आणि चेंबरच्या सफाईकडे बघा. आईवडिलांना माझं सांगणं असतं की ही वही भरल्याशिवाय खर्च करू नका.

दुसरं, काडतुसं. .२२ एलआरची गोळी उघड्या शिशाची असते, वजन साधारण ४० ग्रेन म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास, आणि वरून मेणासारखं किंवा ग्रीससारखं वंगण लावलेलं असतं. शिसं मऊ, नखानेही ओरखडा पडतो. अडकून बाहेर काढलेला राउंड पुसून परत मॅगझिनमध्ये घालायची सवय फार आहे आणि ती वाईट आहे, त्याचं टोक चेपलेलं असतं किंवा गोळी पुंगळीत किंचित वाकलेली असते, म्हणून तो दुसऱ्यांदा अडकणारच. तो ऑफिसरकडे जमा करा. भरायच्या आधी पाचही राउंड टेबलावर एकदा लोळवून बघा, वाकडा असला की टोक डुगडुगतं. खिशात सुटे राउंड ठेवू नका, खिशातले धागे आणि माती मेणाला चिकटते, आणि माळव्याची उन्हाळ्यातली धूळ कशी सगळीकडे बसते ते इथल्यांना वेगळं सांगायला नको. हिवाळ्यात सकाळच्या बॅचला वंगण घट्ट होतं, तेव्हा डबा उघड्या गाडीच्या डिकीत रात्रभर ठेवण्यापेक्षा घरात कुलूपबंद ठेवा. हाय व्हेलॉसिटीचे म्हणजे जास्त वेगाचे राउंड टार्गेट पिस्तूलमध्ये घालायचे नाहीत, ही पिस्तुलं स्टँडर्ड व्हेलॉसिटीसाठी बनवलेली असतात. आणि राउंडला तेल लावायचं नाही, कुणी कितीही सांगो.

तिसरं म्हणजे भरणं, आणि इथे मी जरा थांबणार आहे कारण सगळ्यात जास्त केसेस इथेच सुटतात.

.२२ च्या काडतुसाला तळाशी रिम असते, बाहेर आलेली कड. मॅगझिनमध्ये राउंड एकावर एक बसतात तेव्हा वरच्याची रिम खालच्याच्या रिमच्या पुढे असायला पाहिजे. ती मागे राहिली तर बोल्ट वरचा राउंड पुढे ढकलतो तेव्हा त्याची रिम खालच्याच्या रिमला अडते, दोघं एकमेकांना धरून बसतात, आणि राउंड एक तर निघतच नाही किंवा टोक खाली करून निघतो. वरच्या यादीतलं रुतलेलं टोक बरेचदा याच्यामुळेच. आता हाताने कसं करायचं ते बघा. मॅगझिन डाव्या हातात, तोंड वर, पुढची बाजू उजव्या हाताकडे. बाजूला जे छोटं बटण असतं ते अंगठ्याने खाली ओढायचं, पण एका राउंडची जागा होईल इतकंच. पोरं काय करतात, बटण एकदम तळापर्यंत खेचतात आणि पाचही राउंड वरून टाकतात, मग ते आत आडवेतिडवे पडतात आणि बटण सोडलं की स्प्रिंग त्यांना तसंच वर दाबते. असं नको. राउंडचा तळ पुढून, वळलेल्या दोन कडांच्या म्हणजे लिप्सच्या खाली सरकवायचा, मागच्या भिंतीला टेकेपर्यंत. मग बटण आणखी थोडं खाली, दुसरा राउंड. पाच झाले की बटण हळूच सोडायचं, झटक्याने नाही. शेवटी मॅगझिनची मागची बाजू तळहातावर दोनदा हलकी आपटायची म्हणजे सगळे मागे बसतात. आता बाजूच्या फटीतून बघा, गोळ्यांची टोकं घाटाच्या पायऱ्यांसारखी एकसारखी चढत गेलेली दिसली पाहिजेत. एखादं टोक मधेच खाली झुकलंय असं दिसलं तर ते मॅगझिन रिकामं करा आणि परत भरा, "जाईल" म्हणून लावू नका.

याला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागत नाही, आणि मॅचमध्ये लोडची कमांड मिळाल्यावर एक मिनिट असतो. २५ मीटर रॅपिड फायरची शेवटची सिरीज तर पाच शॉट चार सेकंदांत असते, तिथे एक राउंड वाकडा बसला तर सिरीज गेली. आपल्या शेजारी महूला आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे, लंडन २०१२ मध्ये याच इव्हेंटमध्ये रजत मिळवणारे विजय कुमार तिथलेच. त्या पातळीवर एक-एक मॅगझिन किती मन लावून भरलं जात असेल याची कल्पना करा आणि मग आपल्या गप्पा मारत भरलेल्या मॅगझिनकडे बघा.

चौथं, लावणं. सरळ वर न्यायचं, तिरकं करून घुसवायचं नाही, तळहाताच्या गादीने दाबायचं, टक असा आवाज येईपर्यंत, आणि मग खाली ओढून बघायचं. हे ओढून बघणं कुणीच करत नाही. मॅगझिन एक-दोन मिलिमीटर खाली राहिलं तरी बोल्ट राउंडच्या वरून निघून जातो, बंद होतो, आणि तुम्हाला वाटतं लोड झालं. रिकाम्या चेंबरचं क्लिक ते हेच. उलट जोरात थाड करून आपटलंत तर वरचा राउंड लिप्समधून पुढे उडी मारतो आणि टोक वर करून बसतो. काही पिस्तुलांत मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असतं, काहींत मुठीत, दोन्हीला नियम एकच.

मॅचच्या दृष्टीने पण हे बघा. आयएसएसएफच्या (नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमात बिघाड दोन प्रकारचे, मान्य आणि अमान्य. राउंड उडाला नाही, पुंगळी बाहेर आली नाही, ट्रिगरची यंत्रणा बिघडली, हे मान्य बिघाड. पण मॅगझिन नीट बसवलेलं नव्हतं म्हणून पडलं, राउंड कमी भरले, सेफ्टी काढायची राहिली, किंवा ऑफिसर बघायच्या आधीच तुम्ही बोल्टला हात लावला, की ते अमान्य, आणि न मारलेले शॉट शून्य. म्हणजे मशीनची चूक नियम समजून घेतो, लावण्याची चूक नाही. २०२१ मध्ये टोकियोत मनू भाकरचं एअर पिस्तूल क्वालिफिकेशनच्या मधेच बिघडलं, त्यात तिची काही चूक नव्हती, तरी गेलेली मिनिटं गेलीच आणि फायनल दोन पॉइंटने हुकली. जे आपल्या हातात आहे तेवढं तरी पक्कं करून लाइनवर जायला हवं, असं मला फार मनापासून वाटतं.

पाचवं, बोल्ट सोडणं. नवीन मुलं, खासकरून लहान चणीची, बोल्ट मागे ओढतात आणि हात न सोडता सोबत पुढे आणतात, पिस्तूल महागाचं आहे, आपटू नये म्हणून. भावना चांगली आहे पण पिस्तुलाचं काम त्याने बिघडतं. बोल्टच्या मागची स्प्रिंग पूर्ण जोराने पुढे आली तरच राउंड लिप्समधून सुटून वर चढून चेंबरमध्ये जातो. हात सोबत गेला की जोर निम्मा होतो आणि बोल्ट अर्ध्यात थांबतो. पूर्ण मागे, अगदी शेवटपर्यंत, आणि सोडून द्यायचं. बोटांत ताकद कमी असेल तर दोन बोटांच्या चिमटीने ओढण्यापेक्षा बोल्ट घट्ट धरायचा आणि पिस्तूल धरलेला हात टार्गेटच्या दिशेने पुढे ढकलायचा, दोन्ही हातांची ताकद लागते आणि काम सोपं होतं. मात्र हे करताना नळी डावीकडे वळायला बघते, उजव्या हाताने मारणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची वळते, कोपर अंगाशी ओढून घेतल्यामुळे. म्हणून कोपर पुढे, नळी सरळ, आणि पहिले काही दिवस कोचला फक्त नळीवर नजर ठेवायला सांगा. बोल्ट बंद झालाय असं वाटलं तरी मागून अंगठ्याने ठोकून बसवायचा नाही. पूर्ण बंद होत नाहीये तर त्याला कारण आहे, ते काढून बघा.

भरणं, लावणं, सोडणं या तिन्हीची प्रॅक्टिस रंगीत प्लास्टिकच्या डमी राउंडवर करायची, रेंजवर, जिवंत राउंड टेबलावर नसताना. हळू करा, वेग आपोआप येतो. डमी नसताना .२२ चा ट्रिगर उगाच दाबत बसू नका, बऱ्याच पिस्तुलांत पिन चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे खळगा पडतो.

इथपर्यंत एक पैसा खर्च नाही झाला. आता सफाई, थोडा खर्च. .२२ घाण करणारं काडतूस आहे, शिसं, मेण आणि काजळी मिळून काळा चिकट थर बसतो. आधी मॅगझिन: बुडाची पट्टी उघडा, स्प्रिंग डोळ्यावर उडू नये म्हणून अंगठा ठेवून, आतून कोरड्या कापडाने पुसा, तेल लावू नका, तेलाला धूळ चिकटते. परत घालताना स्प्रिंगची दिशा तीच राहिली पाहिजे, म्हणून काढायच्या आधी मोबाइलवर फोटो घ्या. मग पिस्तूल, ते रिकामं आहे हे दोनदा बघून: चेंबरच्या तोंडाची कड, बोल्टचा पुढचा चेहरा, आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (चेंबरमधून पुंगळी ओढून काढणारा भाग) छोट्या आकड्याखाली साठलेली काजळी, ती लाकडी टूथपिकने निघते. पुंगळी उभी अडकते त्यांनी हा आकडा आधी साफ करावा. राउंड आत आहे, रिमवर खूण पण फिकी, तर बोल्टच्या आत घाण किंवा जुनं तेल घट्ट झालेलं असण्याची शक्यता. खूण चांगली खोल आहे तर तो एखादा खराब राउंड, सोडून द्या. तेल म्हणाल तर बोल्ट सरकतो त्या कडांना एक थेंब, पसरून पुसलेला, बास.

लाकडी ग्रिपवाल्यांना एक पावसाळी तपासणी. जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड फुगतं, आणि ग्रिप हाताच्या मापाने पुट्टी लावून वाढवलेली असेल तर ती मॅगझिनला किंवा बोल्टला घासायला लागते. उन्हाळ्यात बसणारं मॅगझिन पावसाळ्यात बसेना, तर आधी इथेच बघा. कागदाची पट्टी मधे सरकवा, जिथे अडकते तिथे लाकूड लागतंय. लाकूड स्वतः घासायला हरकत नाही, ग्रिप पिस्तूलवरून काढून, बारीक पॉलिश पेपरने. अंगठा बोल्टला टेकतोय का तेही बघून घ्या, टेकलेला अंगठा बोल्टला ब्रेक लावतो.

एवढं सगळं करूनही एकच मॅगझिन त्रास देतंय तर ते चांगल्या मॅगझिनशेजारी उजेडात धरा आणि लिप्स बघा, एक बाजू जास्त उघडलेली किंवा वाकलेली दिसेल. बहुतेक वेळा सिमेंटवर पडलेलं असतं. पक्कड घेऊन वाकवू नका, केसभर फरक पडला तरी राउंड वेगळ्या कोनात निघतो आणि मग ते कधीच भरवशाचं होत नाही. नवीन मॅगझिन बाहेरून येतं, महाग पडतं, वेळ लागतो, तरी तेच घ्यायचं. स्प्रिंग दमली असेल तर नुसती स्प्रिंग बदलता येते, त्याच मॉडेलची.

आणि इथे थांबायचं. चेंबरच्या कडेला खळगा, राउंड चढतो त्या उताराला चर, एक्स्ट्रॅक्टरचा आकडा झिजलेला, पिन तुटलेली, बोल्टची स्प्रिंग ढिली, सगळी मॅगझिन बदलून, नवीन डबा उघडूनही तेच, किंवा ट्रिगर दाबलेला नसताना बोल्ट बंद होताना आपोआप शॉट गेला, एकदा जरी गेला, तर पुढे तुमचं काम नाही, माझं पण नाही. उताराला कानस मारून "पॉलिश" करून देणारे भेटतात, त्यांच्याकडे जाऊ नका. आर्म्स अ‍ॅक्ट, १९५९ प्रमाणे हत्यार दुरुस्त करायला वेगळा परवाना लागतो, खराद-वेल्डिंगच्या दुकानात पिस्तूल देणं हा त्या दुकानदाराचाही गुन्हा आणि तुमचाही. परवानाधारक आर्मररच बघा, क्लबच्या सेक्रेटरींना किंवा कोचला विचारलं की नाव मिळतं.

देताना पिस्तूल रिकामं, फ्लॅग लावलेलं, मॅगझिन आणि काडतुसं वेगळ्या डब्यात, लायसन्स सोबत. त्रास देणारं मॅगझिन आणि एक चांगलं मॅगझिन, दोन्ही द्या, अडकून चेपलेल्या राउंडचे जवळून काढलेले फोटो द्या, आणि ती वही द्या. कितवा राउंड, कोणतं मॅगझिन, कोणता डबा हे समोर असलं की आर्मररला अंदाजाने चार पार्ट बदलत बसावं लागत नाही.